नवा हब बसवला, तरी चाक सैल का होते?



भात गिरणीवर न्यायचे, पेंढा घरी आणायचा, भाजी पहाटे पनवेलच्या बाजारात पोचवायची, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे. आपल्या कर्जत-खालापूर भागात ही सगळी कामे आता पिकअप, जीप नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चालतात. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून आणि चिखलातून गाडी गेली, की चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि चाक घोंघावू लागते. मग गॅरेजमध्ये जाऊन आपण बेअरिंग बदलतो. हब खराब झाला असेल तर तोही नवा घालतो. पैसे मोजतो आणि निश्चिंत होतो.

पण पुष्कळ वेळा असे घडते, की आठ-पंधरा दिवसांत त्याच चाकातून पुन्हा ‘कट कट’ आवाज येऊ लागतो. नट पाहावा तर सैल. आवळला, की चार दिवस बरे. पुन्हा सैल. कोणी सांगतो बेअरिंगच खराब निघाले, ते पुन्हा बदला. कोणी म्हणतो नटावर जास्त जोर लावा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होतो. घाटाच्या उतारावर भरल्या गाडीचे चाक निखळले, तर नुकसान गाडीपुरते राहत नाही. आतली माणसे आणि समोरून येणारा दुचाकीवाला, सगळ्यांच्याच जिवावर बेतते. म्हणून नट सैल का होतो, हे आज नीट समजून घेऊ. घरच्या घरी दोष कसा ओळखायचा, तेही पाहू.

हब, स्टड आणि नट

बैलगाडीच्या चाकाला जो तुंबा, तोच मोटारीच्या चाकाला हब. हबाच्या आत बेअरिंग असते आणि बाहेरच्या अंगाला जाड चकती असते. या चकतीत चार, पाच, सहा किंवा आठ आट्यांच्या खुंट्या बसवलेल्या असतात. त्यांना स्टड म्हणतात. आपल्याकडे काही जण नुसते ‘चाकाचे बोल्ट’ म्हणतात. या स्टडवर आधी ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क बसते, तिच्यावर रिम, आणि शेवटी नट.

स्टड हबामध्ये मागच्या बाजूने घुसवलेला असतो. त्याच्या डोक्याजवळच्या भागावर बारीक उभे दाते असतात. दाबून बसवताना हे दाते हबाच्या भोकात रुतून बसतात, त्यामुळे नट फिरवला तरी स्टड जागचा फिरत नाही. कुऱ्हाडीचा दांडा जसा घट्ट बसला तरच कामाचा, तसेच या स्टडचे आहे. (काही मोटारींना स्टड-नट नसून थेट हबात फिरवायचे बोल्ट असतात. पुढची बरीचशी माहिती त्यांनाही लागू आहे.)

सगळी पकड कागदाएवढ्या ताणावर

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. गाडीचे ओझे स्टडवर टांगलेले असते, असे आपल्याला वाटते. पण चाक नीट आवळलेले असेल तर तसे नसते. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा रिमला हबावर दाबून धरतो. या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात जे घर्षण होते, तेच गाडीचे ओझे पेलते. मोटारीच्या १२ मिलिमीटर जाडीच्या एका स्टडवर नट योग्य जोराने आवळला, तर दाब होतो अंदाजे ४ टन. पाच नटांचा मिळून २० टन!

पण एवढा दाब देणारा तो ताण असतो किती? मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वहीच्या कागदाच्या जाडीइतकासुद्धा नाही. म्हणजे रिम आणि हब यांच्यामध्ये कागदाच्या जाडीएवढे काही दबले, झिजले किंवा निघून गेले, की स्टडचा ताण गेला आणि ताणाबरोबर पकडही गेली. नट जागचा हललेला नसतो, तरी चाक सैल!

पकड गेली की रिम थोडी थोडी सरकू लागते. आता ओझे खरोखरच स्टडवर येते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड इकडून तिकडे वाकतो. लोखंडी तार दहा वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते, तसा एक दिवस एक स्टड तुटतो. त्याचा भार शेजारच्या दोघांवर पडतो, ते अधिक लवकर तुटतात, आणि मग चाक निघून जाते.

नव्या हबावरच हे का होते?

जुने चाक वर्षानुवर्षे आवळून बसलेले असते. त्यातले जे काही दबायचे, ते दबून गेलेले असते. नव्या हबावर मात्र सगळेच नवे. तिथे पुढील कारणे संभवतात.

१) स्टड पूर्ण आत बसलेला नाही. हातोडीने ठोकून बसवला आणि त्याचे डोके हबाच्या पाठीला टेकलेच नाही. गाडी चालू लागली की तो हळूहळू आत ओढला जातो आणि नट सैल पडतो.

२) मध्ये रंग, गंज किंवा माती आहे. नव्या हबावर किंवा ड्रमवर रंगाचा थर असतो, रिमवर जुना गंज असतो. हे थर दाबाखाली चुरतात. पकड जायला तेवढे पुरते.

३) स्टडचे दाते भोकात धरलेले नाहीत. स्टड दुसऱ्याच मापाचा आणला असेल, किंवा जुने स्टड काढून-घालून भोक सैल झाले असेल, तर नटाबरोबर स्टडच गरगर फिरतो.

४) आटे जुळत नाहीत. १२ मिलिमीटरचे स्टड १.२५ आणि १.५ अशा दोन आट्यांत मिळतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. तो पान्याने रेटला तर आटे मरतात. वरून घट्ट वाटतो, पण पकड काहीच नसते.

५) नटाची बैठक चुकीची आहे. काही रिमांना निमुळत्या तोंडाचा नट लागतो, काहींना गोलाकार तोंडाचा, काहींना सपाट. चुकीचा नट रिमवर फक्त कडेने टेकतो. ती कड झिजली की नट सैल होतो.

६) स्टड आखूड किंवा नट खोल नाही. बंद तोंडाचा नट स्टडच्या टोकाला जाऊन अडला, तर हाताला पान्याचा जोर जाणवतो, पण रिम दाबलेली नसते.

७) नट पुन्हा आवळला नाही. वरचे सगळे ठीक असले तरी नवे भाग पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडे बसतातच. नंतर एकदा नट आवळायचा असतो, तो राहून जातो.

घरी करावयाची तपासणी

गाडी सपाट आणि कडक जागेवर उभी करावी. हँडब्रेक लावावा आणि जे चाक उचलायचे नाही त्याला पुढून-मागून दगडाची उटी द्यावी. गाडी जॅकवर असताना अंगाचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये. शेजारी लाकडी ठोकळे ठेवावेत.

पहिली पायरी : नजर. चाक पुसण्याआधीच पाहा. नटापासून बाहेर तांबूस गंजाचे ओघळ गेलेले दिसतात का? नटाभोवती रिमचा रंग झिजून लोखंड चकाकते का? रिमचे भोक लांबट झाले आहे का? यातले एक जरी चिन्ह असेल, तर रिम सरकत होती असे समजावे.

दुसरी पायरी : कान. लहान हातोडीने प्रत्येक नटावर हलकेच ठोका. घट्ट नटाचा आवाज खणखणीत येतो, सैल किंवा तुटलेल्या स्टडचा बद्द येतो. पूर्वी रेल्वेच्या स्टेशनांत कामगार डब्यांच्या चाकांवर हातोडी ठोकत जायचे, ते याचसाठी. पण आवाजावर शेवटचा निकाल देऊ नये. ही फक्त सूचना समजावी.

तिसरी पायरी : पाना आणि रंगाची खूण. चाक जमिनीवर असताना प्रत्येक नट, त्याखालची रिम आणि स्टडचे टोक यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. घरात नखाला लावायचा रंग असेल तर तोही चालतो. आता पाना लावून नट आवळून पाहा.

नट थोडा फिरून घट्ट थांबला, स्टडचे टोक हलले नाही : फक्त नट सैल होता.

नट फिरतच राहतो आणि त्याच्याबरोबर स्टडच्या टोकावरची खूणही फिरते : स्टड हबात सुटला आहे.

नट फिरतच राहतो, पण स्टडच्या टोकाची खूण जागेवर आहे : आटे मेले आहेत.

बघा, बाहेरून तिन्ही ठिकाणी ‘नट सैल’ एवढेच दिसते. पण रोग तीन आणि औषधेही तीन.

चौथी पायरी : चाक डुगडुगते का. चाक जॅकवर उचला. घड्याळात १२ आणि ६ जिथे असतात, तसे वर आणि खाली हात धरून चाक आत-बाहेर हलवा. दुसऱ्या माणसाने बाजूने नीट पाहावे. रिम आणि ड्रम यांच्यामध्ये फट उघडते-मिटते, तर दोष नट-स्टडचा. रिम, ड्रम आणि हब हे सगळे मिळून एकत्र हलतात, तर बहुधा बेअरिंगचा. खात्रीसाठी कोणाला तरी ब्रेकचा पायटा दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबताच डुगडुग थांबली, तर बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही रिम ड्रमवर हलते, तर नट-स्टड पाहा. पुढचे चाक असेल आणि या दोन्ही ठिकाणी काही नसून चाक तरीही हलत असेल, तर स्टिअरिंगचे सांधे गॅरेजमध्ये दाखवा.

पाचवी पायरी : चाक काढून. आता स्टड उघडे पडले. शाळेतली पट्टी घेऊन प्रत्येक स्टड किती बाहेर आला आहे ते मोजा. सगळे सारखे हवेत. एखादा आखूड दिसला, तर तो बहुधा पूर्ण ओढला गेलेला नाही. जिथे मागून दिसते तिथे त्याचे डोके पाहा. डोके आणि हब यांच्यामध्ये कागद सरकता कामा नये. स्टड बोटांनी हलवून पाहा. तो किंचितही हलू नये. शेवटी हब, ड्रम आणि रिम यांच्या टेकणाऱ्या बाजू पुसून त्यांवर रंगाचे पोपडे, गंज, वाळूचा खडा किंवा लोखंडाची उठलेली कड आहे का ते बोट फिरवून पाहा.

कोणत्या दोषाला कोणता उपाय

फक्त नट सैल असेल तर चाक काढावे, टेकणाऱ्या बाजू तारेच्या ब्रशने लखलखीत कराव्यात आणि पुढे दिलेल्या रीतीने आवळावे. नुसते वरून आवळू नये, कारण चुरलेला रंग आत तसाच राहतो.

स्टड पूर्ण बसला नसेल तर तो गॅरेजमध्ये प्रेसने, किंवा पाइपचा तुकडा, वॉशर आणि जुना नट लावून ओढून बसवावा. रिम लावून चाकाच्या नटाने ओढू नये. त्यात रिम आणि नट दोन्ही खराब होतात.

स्टड हबात फिरत असेल आणि भोक चांगले असेल, तर योग्य मापाचा नवा स्टड बसेल. भोकच सैल झाले असेल तर हब बदलणे हाच इलाज. इथे एक इशारा : स्टडचे डोके हबाला वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने कडक पोलादाचा ठिसूळपणा वाढतो आणि ओतीव हबाला तडा जाऊ शकतो. भोकात पत्र्याची पाचर किंवा तार घालणेही तसेच धोक्याचे.

आटे मेले असतील तर स्टड आणि नट दोन्ही नवे घ्या. नव्या स्टडवर जुना नट चढवला तर नवे आटेही बिघडतात. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही बदला. दोन तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच बदला. त्यांनी भार सोसलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. रिमचे भोक लांबट झाले असेल तर रिम बदलावीच लागते.

हब नवा असेल तर बिल आणि काढलेले जुने सामान जपून ठेवा. रंगाची खूण केलेला फिरता स्टड दाखवला, म्हणजे दुकानदाराशी वाद घालायची वेळ सहसा येत नाही.

नट आवळण्याची रीत

आटे स्वच्छ व कोरडे असावेत. गाडीच्या पुस्तकात सांगितले नसेल तर तेल-ग्रीस लावू नये. तेलामुळे त्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने जात नसेल तर आटे चुकले आहेत, पाना लावू नका. मग चाक उचललेले असतानाच समोरासमोरचे नट क्रमाने थोडे थोडे आवळा. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसे. नंतर चाक जमिनीवर टेकवून त्याच क्रमाने दोन टप्प्यांत पूर्ण आवळा.

किती जोराने? साध्या मोटारीला साधारणपणे ९ ते १२ किलोग्रॅम-मीटर जोर लागतो. पिकअपला त्याहून जास्त आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पुष्कळच जास्त. म्हणून आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातच पाहावा. जोर दाखवणारा टॉर्क पाना गॅरेजमध्ये असतो, तो वापरायला सांगा. घरी अंदाज घ्यायचा तर हिशेब सोपा आहे : पान्याची दांडी अर्धा मीटर लांब असेल, तर तिच्या टोकाला २० किलोचा ओढ दिला की १० किलोग्रॅम-मीटर झाले. टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून काटकोनात ओढले तर किलो वाचता येतात.

आता दुसरी बाजूही पाहा. १ मीटरचा पाइप पान्याला लावून ६० किलोचा माणूस टोकावर उभा राहिला, तर जोर झाला ६० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे हव्या त्याच्या सहापट! असा स्टड कायमचा ताणला जातो आणि पुढे तुटतो. सैल जेवढा वाईट, तेवढाच अतिघट्टही वाईट.

यानंतरची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट त्याच जोराने पुन्हा तपासा. कर्जतहून पनवेलला जाऊन आलात की तेवढे अंतर होते. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे नट पहिल्या एक तासाच्या कामानंतर आणि पुन्हा दहा तासांनंतर पाहावेत. तपासल्यावर रंगाची नवी रेघ ओढून ठेवा. मग रोज सकाळी नुसती नजर टाकली तरी कळते, की नट हलला का.

जुनी जीप असलेल्यांसाठी एक सूचना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत, आणि त्या घराण्यातल्या काही जुन्या जीपांनाही ते आढळतात. चाकाच्या फिरण्याने नट सुटू नयेत हा त्यामागचा हेतू होता. अशा चाकाचा नट सुटत नाही म्हणून नेहमीच्या दिशेने रेटला, तर स्टड तुटतो.

चिखलणीच्या दिवसांत

भातलावणीच्या वेळी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरला लोखंडी चाके लावतो आणि काम झाले की रबरी चाके परत चढवतो. म्हणजे एकाच हंगामात नट दोनदा उघडले जातात, आणि तेही भर चिखलात. हबावरचा चिखल न पुसता चाक चढवले, की वर सांगितलेला दोष आपणच तयार करतो. चिखल वाळून झडतो आणि चाक सैल होते. म्हणून बादलीभर पाणी आणि तारेचा ब्रश बांधावर ठेवावा. हब, रिम आणि आटे धुऊन, कोरडे पुसून मगच चाक चढवावे.

वाटेत आवाज आला तर

चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी ‘कट कट’ ऐकू आली किंवा स्टिअरिंग थरथरू लागले, तर वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्या. एकदम जोराचा ब्रेक मारू नका. ‘खोपोलीपर्यंत जाऊ, तिथे गॅरेज आहे’ असे म्हणून खंडाळ्याचा किंवा नेरळ-माथेरानचा घाट उतरू नका. माणसे खाली उतरवा, माल कमी करा आणि फिटरला तिथेच बोलवा. चाकाचे दोन स्टड तुटले असतील तर ते चाक फिरवूच नये. स्टेपनी लावूनही उपयोग नाही, कारण तुटके स्टड हबावरच राहतात.

कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या रेल्वेगाडीला मागून जादा इंजिने जोडतात, आणि घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक वाटेत थांबवून तपासतात. एवढ्या मोठ्या गाडीला जे चुकत नाही, ते आपल्या पिकअपला चुकवून कसे चालेल?

थोडक्यात ध्यानात ठेवा

• नट पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर नुसता आवळू नका, कारण शोधा.

• नट, रिम आणि स्टडचे टोक यांवर रंगाची रेघ ओढा. काय फिरते, त्यावरून दोष ओळखा.

• ब्रेक दाबल्यावर डुगडुग थांबली तर बेअरिंग. रिम ड्रमवर हलत राहिली तर नट-स्टड.

• टेकणाऱ्या बाजू लखलखीत, आटे कोरडे, नट समोरासमोरच्या क्रमाने.

• स्टडला वेल्डिंग नाही, पाचर नाही, पान्यावर उभे राहणे नाही.

• चाक काढले की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

हे पत्रक गाडीतच, पान्याशेजारी ठेवा. गाडी घरातला दुसरा कोणी चालवत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.